आपापलं ताट

अमेरिकेतलं ॲन आर्बर शहर सोडून आम्ही या गावात राहायला आलो तेव्हा ओळखीच्या सगळ्या मराठी मंडळींनी आम्हाला वेड्यात काढलं. तिथं दाराशी बस होती, इंडियन ग्रोसरी होती, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बुद्धवंदनेला जमणारी आपली माणसं होती. "तिथं तुमचं आहे कोण?" असं जो तो विचारायचा. "झाडं आहेत," असं उत्तर माझा नवरा द्यायचा आणि स्वतःच हसायचा. खरं कारण साधं होतं. आमच्या दोघांच्याही नोकऱ्या घरून करता येण्यासारख्या झाल्या होत्या, शहरात मनासारखं घर परवडत नव्हतं, आणि भिंतीपलीकडच्या माणसाचा मिक्सर ऐकून मला वीट आला होता.

गाव शहरापासून तासाभरावर. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मध्येच एक चौक, चौकात लुकलुकणारा एक तांबडा दिवा. पोस्ट, धान्याचं उंच कोठार, दोन चर्च, एक बार आणि गावचावडीसारखा टाउनशिप हॉल. संपलं गाव. पहिल्या हिवाळ्यात सकाळी उठून पाहिलं तर आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ कुणीतरी ट्रॅक्टरनं साफ करून गेलेलं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. पोस्टातल्या बाईला मात्र आमचं सगळं कळायचं. हळदीचं पार्सल फुटून तिच्या टेबलावर सांडलं, तेव्हापासून ती मला पाहिलं की आधी आपली बोटं दाखवायची. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख द्यायचा. मला आधी वाटलं आपली गाडी काहीतरी चुकली. नंतर माझंही बोट आपोआप उठायला लागलं.

सगळंच काही गोड नव्हतं. हार्डवेअरच्या दुकानात एक म्हातारा अजूनही माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून देतो. निवडणुका आल्या की अंगणाअंगणात पाट्या लागतात आणि काही घरांसमोरून जाताना मी मान खाली घालते. "तुम्ही मूळच्या कुठल्या?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आला आहे, की मी एकदा चिडून "कोपऱ्यावरच्या पांढऱ्या घरातली" असं सांगितलं. विचारणाऱ्यानं ते खरंच मानलं आणि छतावरचे पत्रे कधी बदलणार म्हणून विचारलं. खेडं म्हणजे हेच. तुमच्या छताची काळजी तुमच्याआधी दुसऱ्याला.

पण या गावाबद्दल मला जे सांगायचंय ते माझ्या वडिलांमुळे सांगायचंय.

घर घेतल्याचं मी बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "गावात?"

"हो बाबा. छान गाव आहे."

"गाव छान नसतं," ते म्हणाले, आणि आईला फोन दिला. तेव्हा आई होती.

बाबांचा जन्म विदर्भातल्या एका खेड्यात, गावाबाहेर उगवतीला, ओढ्यापलीकडे असलेल्या आमच्या वस्तीत झाला. गाव सोडा, शहर गाठा, शिका, ही शिकवण आमच्या घरात वंदनेइतकीच नेमानं पाळली गेली. बाबा हायस्कूलला नागपूरला आले ते पुन्हा गावात राहायला गेले नाहीत. पोस्टात नोकरी लागल्यावर आजीला घेऊन आले. गावाकडची बोली त्यांनी जिभेवरून खरवडून काढली. ऑफिसात त्यांच्यासारखं मराठी कुणी बोलत नसे, आणि त्यांना ते ठाऊक होतं. थोडक्यात, आम्हाला कुठल्याही गावात राहावं लागू नये म्हणून या माणसानं आयुष्य घातलं होतं, आणि मी सातासमुद्रापार जाऊन पैसे मोजून गावात घर घेतलं.

आई गेल्यावर बाबा नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहू लागले. एकदा बाथरूममध्ये पडले, ते शेजाऱ्यांना कळायला संध्याकाळ झाली. मी एकुलती एक. त्यानंतर मला धड झोप लागेना. बाबांनी कायमचं आमच्याकडे यावं, एवढी एकच गोष्ट मला हवी होती, आणि मी ती लपवून ठेवली नाही. ते "पाहून येतो" म्हणाले. परतीचं तिकीट मात्र स्वतः आग्रहानं काढायला लावलं. मी मनात म्हटलं, येऊ तर द्या, तिकीट कॅन्सल करायला कितीसा वेळ लागतो.

ते आले तेव्हा सोयाबीन पिवळं पडत होतं. दुसऱ्याच सकाळी कोट घालून म्हणाले, "चल, गाव दाखव." मला आनंद झाला. पण ते गाव बघत नव्हते, तपासत होते. आमच्या घराजवळ एक ओढा आहे. चौक, चर्च, पोस्ट सगळं ओढ्याच्या अलीकडे, आमचं आणि आणखी दोन-तीन घरं पलीकडे. बाबा पुलावर थांबले. सूर्य कुठे आहे ते पाहिलं.

"आपलं घर उगवतीला," ते म्हणाले. "ओढ्यापलीकडं. तुला हेच मिळालं?"

"बाबा, इकडे झाडी जास्त आहे म्हणून..."

"पाणी कुठून येतं?"

"आपली बोअर आहे."

"आपली म्हणजे? वेगळी?"

"इथं प्रत्येक घराची वेगळी असते."

"सगळ्यांची?" त्यांचा विश्वास बसला नाही. पुढे आठवडाभर ते फिरायला गेले की लोकांच्या अंगणातले बोअरचे पाइप बघत यायचे. घरी येऊन जेवताना मान हलवायचे.

एकदा मात्र विजयी चेहऱ्यानं आले. "गाव तिथं महारवाडा," ती जुनी म्हण त्यांनी बूट काढता काढता ऐकवली. "सापडला इथला." कोठाराच्या मागे, रेल्वेरुळापलीकडे ट्रेलर पार्क आहे. गंजलेली लांबट पत्र्याची घरं, बाहेर मोडकी खेळणी. गावात कुणाच्या शेडमधून काही गेलं की लोक तिकडे बोट दाखवतात, हे मला माहीत होतं. नवऱ्यानं काहीतरी समजावण्याचा प्रयत्न केला तर बाबा म्हणाले, "जावईबापू, नियम मी तुम्हाला सांगतो, उदाहरण तुम्ही मला देऊ नका."

तरी हळूहळू ते रमतायत असं मला वाटू लागलं. गाडीवाले बोट उचलत, तेव्हा बाबा काठी काखेत धरून त्यांना पूर्ण नमस्कार करत. शेजारी एक म्हातारी राहते, आमच्यासारखीच ओढ्यापलीकडे. नवरा वारलेला, शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं. ती भोपळे, कणसं असं काहीबाही घेऊन येई. तिचं आणि बाबांचं सोयाबीनवर बोलणं चाले. बाबांचं इंग्रजी पोस्टातलं, एकेक शब्द शिक्का मारल्यासारखा. तिला ते नीट समजे. ती गेल्यावर "बाई शहाणी आहे" असं ते म्हणत. त्यांच्या तोंडून गावातल्या कुणाबद्दल ही पहिलीच चांगली गोष्ट होती, आणि मी लगेच स्वप्नं पाहायला लागले. खालच्या खोलीच्या बाथरूममध्ये त्यांच्यासाठी धरायचे दांडेसुद्धा बसवून घेतले.

मग एका दुपारी ती आमच्या किचनमध्ये चहाला बसलेली असताना म्हणाली, कापणी उरकली की गावाचं जेवण असतं, टाउनशिप हॉलमध्ये. तुम्ही दर वर्षी चुकवता. या वर्षी वडिलांना घेऊन या. "सगळ्यांना पुरेल असा एक पदार्थ आणा," ती म्हणाली, "आणि आपापली ताटं आणि चमचे."

बाबांच्या हातातला कप बशीवर टेकला. ते हसतमुख बसून राहिले, तिला दारापर्यंत पोचवायला गेले, थँक्यू म्हणाले. दार लावल्यावर माझ्याकडे न बघता बोलले, "तिकीट अलीकडचं मिळतं का बघ."

मला क्षणभर काही उमजलं नाही. मग उमजलं.

बाबा लग्नात बुफे जेवत नाहीत. हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायचं नाही, म्हणजे नाही. आमच्या घरी याची चेष्टा चाले. नागपुरात कुठल्याही रिसेप्शनला आम्ही गेलो की बाबा सरळ जाऊन खुर्चीवर बसत, आई त्यांचं ताट वाढून आणे, आणि मी "आले आमचे नवरदेव" म्हणून चिडवे. त्यामागची गोष्ट आईनं मला मी कॉलेजात असताना सांगितली. गावजेवणाला वस्तीतल्या लोकांना गोठ्याच्या मागं बसवत, सगळ्यांचं उरकल्यावर, आणि ताट ज्याचं त्यानं घरून आणायचं. गावाची भांडी विटाळायला नकोत. बाबा लहानपणी काखेत जर्मनचं ताट घेऊन आजीच्या मागं जात. वाढणारा उंचावरून भात टाकी. एकदा ताट घरी विसरलं तर आजीनं पदर पसरला आणि त्याच्यात भात घेतला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे आजी गावजेवणाला जात राहिली, पण त्यांना पुन्हा कधी नेऊ शकली नाही.

आणि आता अमेरिकेतल्या किचनमध्ये, त्यांना आवडलेल्या एकुलत्या एका बाईनं त्यांना सांगितलं होतं, ताट घरून आणा.

मी समजावून पाहिलं. हॉलमध्ये भांडी नसतात, धुवायला माणसं नसतात, कागदी प्लेटा उगाच कचरा म्हणून इथं सगळेच आपली घेऊन येतात. माझी मुलगी म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ पॉटलक. एव्हरीबडी डझ इट." बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मला म्हणाले, "सगळे आणतात हे तुला कुणी सांगितलं? तिनंच ना? तू कधी गेलीस?"

मी गेले नव्हते. आळस, दुसरं काय. त्यांनी बरोबर तिथंच बोट ठेवलं.

"तुम्ही येणार नसाल तर मीही जाणार नाही," मी चिडून म्हटलं.

"तू जा. तुला इथं राहायचंय."

ते 'तुला' मला झोंबलं. मी दिवसभर भांडी आपटली. पण दोष कुणाला देणार? त्या बिचारीनं वाईट काही म्हटलं नव्हतं आणि बाबांनी चुकीचं काही ऐकलं नव्हतं.

जेवणाच्या दिवशी मी मोठ्या पातेल्यात मसालेभात केला, कमी तिखट, काजू जास्त. कापडी पिशवीत ताटं भरत होते तेवढ्यात बाबा टाय लावून खाली आले. "येतो मी," म्हणाले. "पण ताट घेऊन येणार नाही. ज्यांना मला जेवू घालायचंय, ते त्यांच्या ताटात घालतील. नाहीतर राहीन उपाशी, सवय आहे." आणि पिशवीत डोकावून, "माझं ताट नाही ना घेतलंस?"

मी हळूच एक जादा सरकवलं होतं. ते काढून ओट्यावर ठेवलं. ही परीक्षा गावाची होती, पण नापास झालं तर बाबा जाणार होते माझे.

हॉलमध्ये लांब टेबलं मांडली होती. शिरताच मी आधी काय पाहिलं असेल तर लोकांचे हात. पिशव्या, टोपल्या, कुणाची दुधाची क्रेट, सगळ्यांतून ताटं निघत होती. चर्चचा पाद्री आपलं ताट शर्टाला पुसत होता. गावाचा प्रेसिडेंट, म्हणजे आमचा सरपंच, त्याच्याकडे कडेला टवका उडालेली ताटली होती. हार्डवेअरमधला तो म्हातारा, ट्रेलर पार्कमधली एक बाई आणि तिची तीन पोरं, सगळ्यांच्या समोर आपापलं. एकासारखं एक नाही. बाबा दारात उभे राहून हे सगळं बघत होते, टेबलावरून टेबलावर, ते बोअरचे पाइप बघत तसे. मग चालत जाऊन बरोबर मधल्या टेबलाशी बसले. पुढ्यात काही नाही. दोन्ही हात टेबलावर.

मी माझं ताट त्यांच्यासमोर सरकवलं. त्यांनी ते परत सरकवलं. आता खरं कळलं होतं तरी माघार घ्यायची नाही, हा आमच्या घराण्याचा गुण मी ओळखून आहे, तो माझ्यातही आहे, म्हणून मी हट्ट केला नाही.

शेजारची म्हातारी टोपली घेऊन त्यांच्या शेजारी बसली. "तुमचं ताट कुठाय?"

"विसर..." मी तोंड उघडलं.

"मी आणलं नाही," बाबा इंग्रजीत म्हणाले. एकेक शब्द सुटा.

तिनं का म्हणून विचारलं नाही. टोपलीतून आपलं ताट काढलं, निळ्या काठाचं, जाड. एकच होतं. "मग तुम्ही आधी जेवा," ती म्हणाली, "मला घाई नाही." आणि बाबा काही बोलायच्या आत उठून रांगेत गेली, सगळ्यांशी गप्पा मारत मारत ताट भरून आणलं. बटाटे, मका, टर्की, माझा मसालेभात. त्यांच्यासमोर ठेवलं, काटा-चमचा ठेवला, आणि कॉफी पीत बसली. बाबा जेवले. सावकाश, काही न टाकता, अगदी शेवटच्या शितापर्यंत. ती त्यांना सांगत होती, यंदा पाऊस कसा ऐन फुलोऱ्यात दगा देऊन गेला ते. बाबा नुसती मान हलवत होते.

जेवण झालं तसे ते ताट घेऊन उठायला लागले. "मी धुऊन आणतो."

"कशाला?" तिनं ताट त्यांच्या हातातून घेतलं. "तुम्हाला काही लागण वगैरे झालेली नाही ना?" आणि खळखळून हसली.

टेबलावरचे बाकीचेही हसले. बाबा हसले नाहीत.

तिनं कागदी नॅपकिननं ते ताट पुसलं, एकदा असं, एकदा असं. त्यात मक्याचा एक दाणा चिकटून राहिला होता, तो तसाच राहिला. रांगेत जाऊन तिनं त्याच ताटात वाढून आणलं आणि त्याच काट्यानं बाबांच्या शेजारी बसून जेवायला लागली. हॉलमध्ये कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझ्या नवऱ्यानं माझा हात टेबलाखाली घट्ट धरला. माझी मुलगी केक आणायला गेली होती.

बाबा तिच्या ताटाकडे बघत राहिले. ती जेवून उठेपर्यंत.

घरी आम्ही चालतच निघालो. नवरा आणि मुलगी पातेलं घेऊन पुढे गेले. मला खरं सांगायचं तर उड्या माराव्याशा वाटत होत्या. गाव पास झालं होतं. पुलापाशी मी मागे वळून पाहिलं तर बाबा कठड्याला धरून उभे होते आणि रडत होते. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

"इतकं सोपं होतं काय वं हे?" ते म्हणाले. कितीतरी वर्षांपूर्वी टाकून दिलेली ती बोली त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली. "कागदानं पुसलं आन् जेवली. मंग त्याईले काऊन नाई जमलं?"

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"मी समजत होतो, गाव म्हणजे असंच असते," बाबा म्हणाले. "पुरासारखं. पुराचा कुणाला राग येते का? तसं मी त्याईले सोडून देल्लं होतं. पण हे तर माणसाच्या हातातलं होतं वं. त्याईच्या हातात होतं, तरी त्याईनं नाई केलं. माही माय पदर पसरून उभी होती आन् त्याईनं नाई केलं."

अंधारायला लागलं होतं. एक पिकअप पुलावरून गेली, गाडीवाल्यानं बोट उचललं. बाबांनी पाहिलं नाही.

थोड्या वेळानं मी धीर करून म्हटलं, "बाबा, मग राहा ना इथंच."

त्यांनी रुमालानं चष्मा पुसला. पुन्हा बोलले ते त्यांच्या नेहमीच्या, ऑफिसातल्या मराठीत. "तुझं गाव चांगलं आहे. तू राहा. माझं तिकीट अलीकडचं घेऊ नको, आहे त्या तारखेचं राहू दे. पण मी जाईन."

"का?"

"इथं राहिलो तर ती बाई रोज दिसेल. आणि ती दिसली की मला रोज आमच्या गावच्या त्या लोकांचा राग येईल. या वयात एवढा राग झेपायचा नाही मला."

मी त्यांचा हात धरून पूल ओलांडला. त्यानंतर मी त्यांना थांबा म्हटलं नाही.